सही हाय, खरं…

आमच्या निपाणी-चिकोडी भागात ‘खरं’ या शब्दाचा अर्थ ‘पण’ असा होतो. “येतो म्हणाला खरं आला नाही,” असं आम्ही सहज बोलतो आणि त्यात काही चुकलंय असं कुणालाच वाटत नाही. पुण्याहून बदलून आलेला आमचा एक साहेब सुरुवातीचे तीन-चार महिने या शब्दानं फार गोंधळला होता. कर्जदार सांगायचा, “हप्ता भरायचाय खरं पैसे न्हाईत,” आणि साहेब चष्मा काढून त्याला विचारायचे, “खरंच नाहीत?”

हे आठवायचं कारण, गेल्या पावसाळ्यात शेजारच्या गावच्या तालमीतली तीन पोरं माझ्याकडे आली. पुठ्ठ्यात बांधलेलं, वर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी टेबलावर ठेवलं. आत जुन्या कुस्त्यांची जाहिरात होती. कागद कधीकाळी गुलाबी असावा, आता मातकट झालेला. वर मारुतीचा ठसा, खाली ‘निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान’, जोड्यांची नावं, आणि अगदी तळाशी निळ्या शाईत एक सही : श्री. खंचनाळे.

“अण्णा, तुमी बँकेत सह्याच तर बघत होतासा न्हवं? सांगा बघू, खरी हाय का?”

विकणारा माणूस अकरा हजार मागत होता. पोरांनी वर्गणी काढायला सुरुवातही केली होती. तालमीत मारुतीच्या शेजारी फ्रेम करून लावायची, असं ठरलेलं.

श्रीपती खंचनाळे आमच्या चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे. १९५९ साली दिल्लीत पंजाबच्या बंता सिंगला पाडून देशाचे पहिले हिंदकेसरी झाले. घडले कोल्हापुरात, राहिलेही तिथेच, आणि डिसेंबर २०२० मध्ये गेले. एकसंब्याचा माणूस मात्र अजून ‘आमचे खंचनाळे’ असंच म्हणतो. गाव एका राज्यात आणि आखाडा दुसऱ्या राज्यात असणं हे १ नोव्हेंबर १९५६च्या राज्य पुनर्रचनेनंतर आमच्याकडे काही विशेष राहिलेलं नाही. तेव्हा ही सही तालमीला का हवी, हे मला विचारावं लागलं नाही. लाल मातीत लोळणाऱ्या पोरांना आपल्या तालुक्याचा माणूस भिंतीवर हवा होता.

मी बँकेत लागलो १९८१ साली, निपाणीच्या तंबाखू आंदोलनाच्या वर्षी. त्यानंतरच्या नोकरीतली बरीच वर्षं पासिंगच्या खुर्चीत गेली. विड्रॉल स्लिप आली की लाकडी खणातून त्या खात्याचं नमुना सहीचं कार्ड काढायचं, शेजारी शेजारी धरायचं आणि आपली बारीक सही मारून कॅशियरकडे सरकवायची. त्या खणात सगळी सरहद्द भरलेली होती. मराठी सह्या, कन्नड सह्या, शाळामास्तरांच्या वळणदार इंग्रजी सह्या, विडी कामगार बायांचे अंगठे, आणि सुरुवातीच्या काळात दोन-चार म्हाताऱ्या आडत्यांच्या मोडीतल्या सह्या. मोडी मला वाचता येत नव्हती. त्यानं काही अडत नसे. सही वाचायची नसतेच, बघायची असते. माझ्या आधी त्या खुर्चीत बसणाऱ्या गृहस्थांनी मला पहिल्याच आठवड्यात चेक उलटा धरायला शिकवलं. उलटा धरला की नाव दिसेनासं होतं आणि नुसती रेघ उरते. कुठे वेग आहे, कुठे दाब आहे, कुठे पेन उचललंय, तेवढंच डोळ्यांना कळतं.

माणूस स्वतःची सही करतो तेव्हा तो लिहीत नसतो. हात एकदा सुटला की शेवटपर्यंत सुटलेलाच असतो. रेघ सुरू व्हायच्या आधीच पेन हवेत हललेलं असतं, म्हणून टोकं बारीक निघतात. खोटी सही करणारा चित्र काढत असतो. पेन टेकवतो, मग निघतो; मध्येच थांबून नमुन्याकडे बघतो; गोलाईत हात कापतो; शेवटही पेन जागच्या जागी थांबवून करतो. सुरुवात बोथट आणि शेवटही बोथट. आणि नवशिक्याला ज्याचं सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं ते असं, की सही तंतोतंत जुळली तर जास्त घाबरायचं. एका माणसाच्या दोन सह्या कधीच एकावर एक बसत नाहीत. बसल्या, तर एक दुसरीवरून काचेवर ठेवून गिरवलेली आहे असं समजावं.

हे सगळं माहीत असून माझ्या हातून दोन चुका झाल्या, आणि मी त्या कुणाला फारशा सांगितलेल्या नाहीत.

पहिली चूक एका पोराची. वडिलांच्या खात्यातून चार वेळा पैसे काढले त्यानं. चारही वेळा मी पास केले. वडिलांची स्वतःची सही दर वेळी वेगळी यायची, शेतात राबणारा हात; पोराची मात्र सफाईदार, कार्डाला शोभेल अशी. म्हणजे खोटी सही खरीपेक्षा चांगली होती आणि मी चांगली बघून पास केली. वडिलांनी तक्रार केली नाही. माझ्या टेबलासमोर येऊन पासबुक उघडून बराच वेळ बसले आणि म्हणाले, “जाऊ द्या साहेब, घरातच गेलं.” नंतर खातं बंद केलं.

दुसरी चूक जास्त टोचते. एक म्हातारे तंबाखूवाले होते. त्यांना अर्धांग होऊन गेलेला, हे मला माहीत नव्हतं. विड्रॉलवरची सही थरथरत होती, मध्ये तीन ठिकाणी तुटलेली. मी पुस्तकात सांगितल्यासारखा ‘सही जुळत नाही’ म्हणून परत पाठवली. नातू स्लिप घेऊन बाहेर गेला. थोड्या वेळानं दोघांनी धरून त्यांना आत आणलं आणि त्यांनी माझ्यासमोर परत सही केली. तशीच थरथरती, तशीच तुटलेली. आत्ता डोळ्यांदेखत केलेली, म्हणजे याहून खरी सही असूच शकत नव्हती, आणि कार्डाशी ती तरीही जुळत नव्हती. सगळी शाखा बघत होती. मी कार्ड बदलून घेतलं. ते काही बोलले नाहीत.

खेळाडूंच्या सहीचा मामला बँकेपेक्षा अवघड, कारण तिथे खणच नसतो. नमुना आणायचा कुठून? इंटरनेटवर पाहिजे तेवढे सापडतात, आणि त्यांतले खरे कोणते हा पुन्हा तोच प्रश्न. शिवाय खेळाडू बँकेत येऊन टेबलावर हात टेकवून सही करत नाही. गर्दीत, उभ्यानं, दुसऱ्याच्या पाठीवर कागद धरून, कुणाच्यातरी गळक्या पेननं करतो. करारावरची सही आणि मैदानावरची सही एकाच हाताच्या असून दोन वेगळ्या माणसांच्या वाटतात. क्रिकेटमध्ये संघाच्या सह्यांचे जुने कागद असतात, त्यांतल्या काहींवर एकाच उत्साही गड्यानं आणखी दोघा-तिघांच्या सह्या ठोकून दिलेल्या असतात. कागद खरा, दौरा खरा, पेन त्याच खोलीतलं, आणि सही खोटी!

बॅटींचं तर विचारूच नका. माझ्या नातवाच्या बॅटवर एका महान फलंदाजाची सही आहे आणि ती त्या फलंदाजानं स्वतः करून दिलेली आहे असं तो शपथेवर सांगतो. दुकानात तसल्या चाळीस बॅटी टांगलेल्या असतात, हे त्याला अजून सांगितलेलं नाही. छापलेली सही ओळखायला मात्र सोपी. मार्करची शाई लाकडाच्या रेषांमधून थोडी तरी पळते. छापलेली वर नुसती बसलेली असते, आणि छपाई ठिपक्यांची असेल तर भिंगाखाली ठिपकेच दिसतात.

अमेरिकेत या धंद्याचं काय झालं होतं ते मी नोकरीत असतानाच वाचलं होतं. १९९०च्या दशकात तिथल्या एफबीआयनं ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाखाली खोट्या सह्यांची मोठी टोळी पकडली. बेसबॉलच्या चेंडूंवर जिवंत-मेलेल्या सगळ्या खेळाडूंच्या सह्या करणारे लोक. जप्त केलेल्या मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलही निघाले. बनावट सह्यांबरोबर खरेपणाची प्रमाणपत्रंही होती, म्हणजे त्या प्रमाणपत्रांवरच्या सह्यांचं काय, हा प्रश्न आलाच. त्या सह्यांवर तिथल्या लोकांनी डोळे झाकून लाखो डॉलर घातले. आमचा आडत्या तंबाखूचं पान चोळून, हुंगून, कानाशी मोडून बघितल्याशिवाय बोली लावत नाही.

असो. तर ती जाहिरात.

आधी मी सही बघितलीच नाही. कागद बघितला. गावाच्या नावाखाली ‘ता. चिकोडी, जि. बेळगाव (म्हैसूर राज्य)’ असं छापलेलं. राज्याचं नाव कर्नाटक झालं १९७३ साली, म्हणजे त्याआधीची. पिनकोड कुठे नाही. तो १९७२ मध्ये आला. आणि खाली ‘प्रवेश फी ५० नये पैसे’. या एका ओळीनं मला फार आनंद झाला. नये पैसे सुरू झाले एप्रिल १९५७ मध्ये, आणि १९६४च्या जूनमध्ये त्यांच्यातलं ‘नये’ सरकारनं काढून टाकलं. लोकांच्या तोंडून आणि छापखान्यांतून ते निघायला आणखी एखादं वर्ष गेलं असेल. जाहिरात त्याच काळातली.

मग पुतण्याच्या दुकानातलं नोटा तपासायचं मशीन आणलं. त्याच्या निळसर दिव्याखाली आजकालचा पांढरा कागद चकाकतो, कारण त्यात उजळपणासाठी रसायन घातलेलं असतं. ते रसायन कागदात सर्रास यायला लागलं १९५०च्या दशकानंतर, आणि असल्या स्वस्त जाहिरातीच्या कागदात तेव्हा कोण घालतोय? कागद दिव्याखाली मेल्यासारखा पडून राहिला. पोरांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांना वाटलं, जिंकलो.

“कागद खरा हाय,” मी म्हटलं. “सही अजून बघितली न्हाई.”

कागद जुना असणं हा पुरावा नव्हे, हे मला पोरांना समजावून सांगायला वेळ लागला. खोटं करणारा शहाणा असेल तर कागद जुनाच घेतो. जुन्या पेट्यांतून कुस्त्यांच्या जाहिराती ढिगानं निघतात आणि रद्दीच्या भावानं जातात. त्यावर दोन इंचांची निळी रेघ ओढली की रद्दीचे अकरा हजार होतात.

गोल्ड लोनच्या सराफाकडून त्याचं भिंग मागून आणलं होतं. पहिली गोष्ट दिसली ती घडी. जाहिरात चौघडी करून ठेवलेली होती आणि उभी घडी बरोबर सहीमधून जात होती, ‘च’ आणि ‘ना’च्या मधून. घडीवर कागदाचे धागे तुटलेले असतात. सही आधी आणि घडी नंतर असेल, तर शाई घडीवर फक्त चिरते. घडी आधी आणि सही नंतर असेल, तर ओली शाई त्या तुटक्या धाग्यांत शिरून फुटते. इथे शाई फुटलेली होती, आणि नुसती फुटली नव्हती तर चिरेतून मागच्या बाजूलाही उतरली होती.

आता इथे थांबायला पाहिजे, कारण घाई करून मी एकदा माणसाला परत पाठवलेलं आहे. मैदानाला जाणारा माणूस जाहिरात घडी घालून खिशातच ठेवणार. तिथे पैलवान दिसला की काढणार आणि पुढे करणार. म्हणजे घडी आधी असणं यात काहीच विशेष नाही. खरं एका दिवसाच्या घडीनं कागद एवढा चिरत नाही. अशी चीर पडायला तो कागद वर्षानुवर्षं उघडून मिटावा लागतो. विकणाऱ्याची गोष्ट अशी होती, की त्याच्या वडिलांनी मैदानातच, त्याच दिवशी सही घेतली. जाहिरातीत खंचनाळ्यांचं नाव नव्हतं, ते नुसते बघायला आले होते म्हणे. ती गोष्ट या घडीवर पडली. गोष्ट पडली म्हणजे सही पडली असं मात्र नाही. त्या माणसानं वीस वर्षांनी तोच कागद कोल्हापूरला नेऊन सही घेतली नसेल कशावरून? आणि मुलाला ते नीट सांगितलं नसेल कशावरून? आमचे वडीलही काय काय सांगायचे आणि आम्ही काय काय ऐकायचो!

मग नाव. ‘श्री. खंचनाळे’. स्वतःच्या सहीत स्वतःला ‘श्री.’ कोण लावतं, असं मला आधी वाटलं आणि मी मनातल्या मनात हसलोही. दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना लक्षात आलं, की श्रीपती या नावाचं पहिलं अक्षर ‘श्री’च. माझं हसू माझ्यापाशी राहिलं.

शेवटी कागद उलटा धरला. आणि तिथे मला माझी जुनी खुर्ची आठवली. रेघ सगळीकडे सारख्या जाडीची होती. ‘ळ’च्या दोन पोटांच्या मध्ये पेन थांबलं होतं, तिथे शाईचा ठिपका साचला होता. शेवटचा ‘ळे’ संपतानाही पेन उचललं नव्हतं, थांबवलं होतं. मांडीवर कागद धरून लिहिणाऱ्याची रेघ वेडीवाकडी होते, कुठेही हिसका बसतो; खरं तिला वेग असतो. ही रेघ सरळ होती, नीट होती, आणि हळू होती.

कुस्तीच्या मैदानात जाणत्यांना नुरा कुस्ती कशी कळते, हे मी लहानपणी आजोबांना विचारलं होतं. नुरा म्हणजे आधी ठरवून केलेली. आजोबा म्हणाले, डाव सगळे खरेच असतात, पट खरा, धोबी खरा. हाताची पकड बघायची. ज्याला पाडायचंच आहे त्याच्या बोटांत आणि ज्याला दाखवायचंय त्याच्या बोटांत फरक असतो. तो शब्दांत सांगता येत नाही म्हणून खोटा ठरत नाही. मला त्या सहीत पकड दिसली नाही. एवढंच माझं मत, आणि ते मत आहे.

कायद्यानंही ते मतच धरलंय. १८७२च्या पुरावा कायद्यातलं ४७वं कलम (त्या कायद्याच्या जागी २०२४ मध्ये नवा आला) मी खात्याच्या परीक्षेसाठी पाठ केलं होतं. ज्याला त्या माणसाचं हस्ताक्षर परिचयाचं आहे, त्याचं मत ग्राह्य. खाली उदाहरण होतं लंडनच्या एका व्यापाऱ्याचं. कलकत्त्याचा व्यापारी, त्याचा कारकून आणि त्याचा दलाल या तिघांनी त्याला लिहिताना कधीच पाहिलेलं नाही, तरी तिघांचंही मत चालतं, कारण त्याची पत्रं त्यांच्या हातांखालून गेलेली असतात. मला ते उदाहरण फार आवडायचं, त्यातल्या कारकुनासाठी. खंचनाळ्यांचं एकही पत्र माझ्या हाताखालून गेलेलं नव्हतं. त्या कलमाप्रमाणे मी तो कारकूनही नव्हतो.

तालमीत गेलो तेव्हा पोरांचा जोर नुकताच संपला होता. वस्ताद कट्ट्यावर बसले होते, वय पंच्याहत्तरच्या पुढे, कान मुडपलेले. मी घडीचं सांगितलं, रेघेचं सांगितलं.

“म्हंजे खोटी?” एका पोरानं विचारलं.

“खोटीच असं मी म्हणत न्हाई. बँकेत असतो तर पास केली नसती.”

“मग तेच की ओ!”

“तेच न्हवे,” वस्ताद म्हणाले. “बरोबरीत सोडवली म्हंत्यात ते.” मग माझ्याकडे वळून, “सही हाय, खरं…” एवढंच बोलले आणि वाक्य तिथेच सोडलं. आमच्याकडे ते पूर्ण वाक्य आहे.

अकरा हजार द्यायचे नाहीत, हे ठरलं. विकणाऱ्याला मी एवढंच सांगितलं की जाहिरातीचे द्या-घ्या करू, सहीचे नाही. तो चिडला. त्याचा चेहरा बघून मला वाटलं, याला स्वतःला ती खरीच वाटतेय. खोटं करणारा असलाच तर तो दुसरा कुणीतरी, कदाचित कधीच मेलेला. दोन दिवसांनी तो आठशे रुपयांना तयार झाला. जाहिरात आठशेला महाग होती, खरं त्यातल्या एका जोडीत वस्तादांच्या थोरल्या भावाचं नाव छापलेलं निघालं. ते आधी कुणी वाचलंच नव्हतं, सगळे सही बघत होते.

फ्रेमवाल्याकडे निपाणीला मीच गेलो, वस्ताद आणि दोन पोरं बरोबर. त्यानं काच पुसली, कागद चारी बाजूंनी मोजला आणि जाड पुठ्ठ्याची चौकट वर ठेवून बघितली. चौकट खाली सरकवली की सही दिसायची, वर घेतली की झाकली जायची.

“ही खालची पट्टी उगंच लांब व्हालीया,” तो म्हणाला. कात्री त्याच्या हातात होतीच. “कापून टाकू काय? मापात बसंल.”

वस्ताद माझ्याकडे बघत होते.

“झाक,” मी म्हटलं. “कापू नकोस.”

त्यानं चौकट अर्धा इंच वर घेतली, मागून खिळे मारले आणि तीनशे चाळीस रुपये सांगितले. पोरांनी तीनशे दिले.